मलिद्याचा घास

"डाव्या हातानं मारला, की उजव्या?"

यशोधननं पुन्हा विचारलं. मघाशी विचारलं तेव्हा म्हातारबाबा ऐकू न आल्यासारखे बसून होते, म्हणून या खेपेला त्यानं आवाज चढवला.

बाजेवरचे दस्तगीर वस्ताद त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जेवलास का?"

"वस्ताद, मी ठोशाचं विचारतोय. राणोजींचा शेवटचा ठोसा."

"ऐकलं की. बहिरा न्हाई मी. जेवलास का?"

यशोधननं सुस्कारा सोडला.

ऊन मी म्हणत होतं. वारणेकाठच्या त्या गावात दर्ग्याला लागून जुनी तालीम होती, तालमीशेजारी दोन खोल्या, आणि खोल्यांपुढच्या लिंबाखाली ही बाज. शेवटची वाट गाडीला झेपेना, म्हणून यशोधन चालत आला होता. व्यायामशाळेतल्या फिरत्या पट्ट्यावर तो रोज मैलोन्‌मैल पळत असे. पण तिथं डोक्यावर पंखा असायचा.

यशोधन पानवलकर हा सिनेमातला नट. दिसायला देखणा, बांध्याला भक्कम, आणि हे दोन्ही त्याला पक्कं ठाऊक होतं. मागचे त्याचे सिनेमे सपशेल पडले होते. आता जो हातात होता तोही पडला असता, तर पुढं कुणी दारात उभं केलं नसतं.

हा सिनेमा होता राणोजी गवंड्यावर. राणोजी कोण हे त्या भागात कुणाला सांगावं लागत नाही, बाकीच्यांना सांगायला हवं. संस्थानी अमलात इथल्या उरुसाला मुठीच्या लढती व्हायच्या. हाताला ना पट्टी, ना मोजा. दोन माणसं समोरासमोर उभी राहायची आणि एक जण आडवा होईपर्यंत उघड्या मुठींनी एकमेकांना फोडून काढायची. या खेळातला पहिला नावाजलेला माणूस म्हणजे राणोजी. एका उरुसात त्यानं काशिबा लोहाराला लोळवलं, आणि त्यानंतर जन्मात पुन्हा मैदानात पाऊल टाकलं नाही. का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

राणोजीच्या हाताखाली शिकलेला एकच माणूस आज हयात होता. तो समोर बाजेवर बसून जेवणाची चौकशी करत होता.

"नाही जेवलो," यशोधन म्हणाला. "पण मी भाकरी खात नाही. तूप नाही, गूळ नाही, भात नाही. शरीर राखावं लागतं."

"कुनासाठी?"

"भूमिकेसाठी."

"बरं," वस्ताद म्हणाले. "मग बस."

तो बसलेलाच होता.

खरं तर त्याला बसायला वेळ नव्हता. सगळं चित्रण उरकलं होतं, उरला होता शेवटचा प्रसंग. जिंकल्यानंतरचा राणोजीचा चेहरा. तेवढाच काही केल्या जमत नव्हता. यशोधन डरकाळी फोडायचा, डोळ्यांत पाणी आणायचा, आभाळाकडे बघायचा, आणि दिग्दर्शक दर वेळी मान हलवायचा. "खोटं वाटतंय रे."

काल संध्याकाळी त्या दिग्दर्शकानं हात टेकले. म्हणाला, "आता एक दिवस विश्रांती घे. त्यानंतरच्या सकाळी शेवटचा प्रयत्न. नाहीच जमलं तर पाठमोरा घेऊ. दुसरं कुणीतरी उभं करू, पाठ काय कुणाचीही चालते. दुपारपासून मैदानाचा सेट मोडायला घ्यायचाय."

पाठ काय कुणाचीही चालते. यशोधनला रात्रभर झोप लागली नव्हती. ज्या चेहऱ्यासाठी इतका घाम गाळला, तोच ऐन शेवटी दिसणार नसेल, तर सिनेमात आपण होतो तरी कशाला? विश्रांतीच्या दिवशी म्हणूनच तो पहाटे उठून इकडे निघाला होता.

"माझे हात तरी बघा," तो म्हणाला आणि दोन्ही मुठी पुढं केल्या. "रोज वाळूचं पोतं बडवतोय. मोजे न घालता."

वस्तादांनी त्याची एक मूठ आपल्या दोन्ही पंजांत धरली. मग अंगठ्यानं तिचं एकेक बोट उकलत गेले. बाजारात वांगं पारखावं तसं प्रत्येक बोट वळवून पाहिलं.

"मेहनत केलीस."

यशोधनची छाती जरा फुगली.

"बोटं सरळ हायत," वस्ताद म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हंजे चांगलं हाय."

ही स्तुती आहे, असं यशोधननं धरलं. नटाला स्तुती ओळखायला फार वेळ लागत नाही.

खोलीच्या दाराशी वस्तादांची सून, जैबून, परातीत गरम चपात्या कुस्करत बसली होती. गुरुवार होता. दर गुरुवारी ती दर्ग्यात चढवायला मलिदा करी. कुस्करलेल्या चपातीवर तिनं गूळ घातला, वर तूप सोडलं, आणि त्याचा वास थेट लिंबाखाली आला. यशोधननं तोंड दुसरीकडे फिरवलं.

"तुमची घासाची रीत आम्ही तशीच ठेवलीय बरं का, वस्ताद," तो म्हणाला. आता म्हातारा खूश होईल अशी त्याची खात्री होती. "लोकांना माहीतसुद्धा नाही. दिग्दर्शकांनी शोधून काढली. लढत संपली की मलिद्याचा घास भरवतात ना? ते सगळं घेतलंय."

वस्तादांनी पहिल्यांदाच नीट मान वर केली.

"कुनी कुनाला?"

"म्हणजे?"

"घास कुनी कुनाला भरवतो तुमच्यात?"

"राणोजी काशिबाला. जिंकलेला हरलेल्याला." यशोधन उठून उभाच राहिला. त्याला करून दाखवल्याशिवाय सांगता येत नसे. "काशिबा खाली पडलाय. मी डरकाळी फोडतो. मग एकदम शांत होतो. गुडघ्यावर बसतो, त्याचं डोकं मांडीवर घेतो आणि त्याला घास भरवतो. सगळं मैदान रडतं."

परातीतला जैबूनचा हात थांबला. तिनं पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरलं नाही.

"काय झालं?" यशोधननं विचारलं.

"कुनी सांगितलं असं?" वस्तादांनी विचारलं.

"सांगितलं म्हणजे... घास भरवतात एवढं एका म्हाताऱ्यानं सांगितलं होतं. कुणी भरवायचा ते उघडच आहे ना. मोठ्या मनानं जिंकणाराच भरवणार."

"उघडच हाय," वस्ताद म्हणाले.

लिंबावरचा कावळा उडाला, पुन्हा येऊन बसला.

"जैबू, ताट आन."

जैबूननं ताट आणून बाजेवर ठेवलं. मलिदा, वर तुपाची धार. ती बाजेच्या कडेला टेकली, पदर खोचला आणि घास उचलला. वस्तादांनी मान हलवली.

"ऱ्हाऊ दे आज. पाव्हना हाय."

"पाव्हना भरिवनार हाय व्हय तुमास्नी?" जैबून म्हणाली. "सकाळपास्नं कपभर च्यावर हायसा. मागून चक्कर आली म्हंजे माज्या जिवाला घोर."

तेव्हा कुठं यशोधननं वस्तादांच्या हातांकडे पाहिलं. मघापासून ते समोरच होते, पण तो आपलेच हात दाखवण्यात गुंतला होता. मुठीच्या जागी गाठी होत्या. मधली बोटं अर्ध्यावर वाकून तशीच राहिली होती, करंगळी भलतीकडेच गेली होती. पळीसारखा वाकडा पंजा, ना मिटणारा, ना उघडणारा.

"तुमचे हात..." तो म्हणाला.

"जितल्याले हात हायत," वस्ताद म्हणाले.

यशोधनला काही उमजलं नाही. जैबूनलाच त्याची कीव आली असावी.

"साहेब, नुसत्या मुठीनं दुसऱ्याचं थोबाड फोडलं तर काय व्हतं?" तिनं विचारलं.

"थोबाड फुटतं."

"आन् मुठीचं?"

यशोधननं आपल्या मुठीकडे पाहिलं. वाळूचं पोतं मऊ असतं, हे त्याला आत्ता सुचत होतं.

"हाड हाडावर बसलं की दोनी मोडत्यात," वस्ताद म्हणाले. "हरनाऱ्याचं तोंड फुटतं, पर त्येचं हात शाबूत ऱ्हात्यात. जितनाऱ्याचं तोंड बरं असतंय, आन् हात गेल्याला असतो. बोटं अशी सुजत्यात, की पानी प्यायचा तांब्या उचलत न्हाई. आता सांग. घास कोन कुनाला भरवनार?"

यशोधननं ताटाकडे पाहिलं, मग त्या वाकड्या पंजाकडे.

"हरलेला..." तो म्हणाला. "जिंकलेल्याला?"

"दुसऱ्या कुनी भरवायचं न्हाई. बायकोनं न्हाई, आईनं न्हाई. ज्येला मारलं त्येनंच. घास पोटात गेल्याबिगर लढत सुटत न्हाई."

"आणि त्यानं भरवलाच नाही तर?"

"तर बसा उपाशी."

यशोधन मटकन खाली बसला. सिनेमाभर ज्या प्रसंगावर सगळी भिस्त ठेवली होती, तो उलटा निघाला होता. त्याला दिग्दर्शकाचा राग आला, स्वतःचा आला, आणि का कोण जाणे, थोडा या म्हाताऱ्याचाही आला. पण नट तो नटच. लगेच त्याच्या डोक्यात चक्र फिरू लागलं.

"पण मग तर हे फारच सुंदर आहे!" तो म्हणाला. "म्हणजे चेहरा हवा तो हाच. डरकाळीचा नाहीच. तोंड उघडतानाचा!" त्यानं खांदे पाडले, मान वर केली, डोळे अर्धे मिटले आणि सावकाश तोंड उघडलं. "असा?"

"दाताच्या डॉक्टराकडं बसल्यागत दिसतंय," जैबून म्हणाली.

यशोधनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी त्यानं पुन्हा केलं. या वेळी ओठ थरथरवले.

"नगं," वस्ताद दमून म्हणाले. "मीट ते. माशी जाईल."

"मग कसं ते तुम्ही सांगा! तुम्ही जिंकलाय ना लढती? तुम्हाला भरवलंय ना कुणी?"

"लई जनांनी."

"मग तेव्हा काय वाटायचं तुम्हाला?"

वस्तादांनी विचार केला. खोटं बोलायचं नाही, पण खरं बोलायचाही कंटाळा आलेला, असे ते दिसत होते.

"भूक लागल्याली असायची," ते म्हणाले. "काय बी वाटायचं न्हाई. तोंड उघडायचं, गिळायचं, मिशीवरनं हात फिरवायचा आन् म्होरल्या उरुसाला कोन हाय ते इचारायचं. राणोजी वस्ताद नगं म्हनले हुते मला. त्यांनी मला निस्तं अडवायला शिकिवलं, मारायला न्हाई. मारायचं मी भाईर शिकलो." त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "तवा वाटलं न्हाई, त्ये आता वाटतंय. रोज दोन वक्त वाटतंय. ही भरिवती तवा."

जैबून एकदम उठली. "माजं काय त्यात," असं पुटपुटत ती चुलीकडे गेली आणि तिथं भांडी उगीचच हलवत राहिली.

यशोधनला तिच्याकडे बघवेना.

"आणि राणोजींना?" त्यानं हळू आवाजात विचारलं. डाव्या-उजव्याचं तो विसरून गेला होता. "त्यांना काय वाटलं होतं?"

"त्ये न्हाई सांगितलं त्यांनी. काय झालं तेवढं सांगितलं. त्ये बी एकदाच."

"काय झालं?"

वस्तादांनी ताट किंचित बाजूला सरकवलं आणि लिंबाच्या बुंध्याला पाठ टेकली. त्यांचा आवाज खाली गेला. यशोधनला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"काशिबा लोहार घट्ट गडी. पडंना. वस्ताद मारत्यात, त्यो हुबाच. पंच मंडळी म्हनाली, आता बास. पर लोकं ओरडत हुती. काशिबा पडला तवा त्येचं डोळं दिसत नव्हतं. सुजून पार मिटल्यालं. त्येला उठवून बशिवला. वस्तादांचं दोनी हात गेल्यालं. समोरासमोर बशिवलं दोगास्नी. मलिदा आनला."

त्यांनी आपला पंजा पुढं धरला.

"काशिबानं घास घेतला. आन् हात म्होरं केला. त्येला दिसतंय कुठं? घास कपाळाला लागला. मग नाकाला. लोकं हसाय लागली. काशिबा बी हसला म्हनत्यात. म्हनाला, माज्या लग्नात नवरीला भरवताना बी एवढा येळ लागला नव्हता."

यशोधन हसला नाही.

"वस्ताद म्हनले... मी नुसतं म्हनायचं हुतं, काशिबा, हिकडं. एवढंच. हिकडं. पर आवाज निघंना. त्यो हुडकतोय आन् मी बसलोय."

"मग?"

"मग काय. तोंड म्होरं नेलं त्यांनी. जिथं हात हुता तिथं."

कावळा ओरडला. चुलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला होता.

"हात बरं झाल्यावर वस्तादांनी गवंड्याची थापी धरली, मूठ धरली न्हाई. ह्या दर्ग्याची भिंत त्यांचीच हाय. काशिबाचा एक डोळा उघडला, एक उघडला न्हाई."

"यात चेहरा कसा करायचा?" यशोधननं विचारलं. त्याच्या आवाजात आता रुबाब नव्हता, नुसता थकवा होता. "वस्ताद, मला उद्या सकाळी तिथं बसायचंय. माझ्याकडे एवढाच दिवस आहे. दाखवा मला. कसंही करून दाखवा."

वस्ताद त्याच्याकडे बघत राहिले. नकार द्यावा असं त्यांच्या मनात आलं असावं. मग ते बाजेवर सरकून पुढं आले.

"बस म्होरं. मांडी घाल."

यशोधननं मांडी घातली.

"दोनी हात मांडीखाली घे."

त्यानं घेतले. हातांवर स्वतःचंच वजन पडलं. मुंबईत त्याच्या आजूबाजूला माणसांचा राबता असायचा, एक जण छत्री धरी, एक पाणी देई. पण असं हात दाबून कुणासमोर बसल्याचं त्याला आठवत नव्हतं.

वस्तादांनी आपला वाकडा पंजा ताटात घातला. त्या पळीत थोडा मलिदा आला, बराचसा सांडला. मग त्यांनी डोळे मिटले.

"मी हे खात..." यशोधन म्हणायला गेला.

पंजा त्याच्या दिशेनं येत होता. शोधत, मध्येच थांबत. तो आधी त्याच्या खांद्याला लागला. तिथून वर सरकला. तूप गळ्याशी ओघळलं. मग घास कानाशी गेला, तिथून गालावर. गालाला गूळ चिकटला. म्हाताऱ्याच्या मिटल्या पापण्या हलत होत्या आणि वाकडी बोटं यशोधनचं तोंड चाचपत होती.

इकडं, एवढंच म्हणायचं होतं.

त्याला म्हणता येईना. आणि त्याच वेळी त्याला तो पैलवान आठवला, सिनेमात काशिबाचं काम करणारा. गेल्या आठवड्यात खरेपणासाठी म्हणून यशोधननं त्याला खरीच मूठ मारली होती. ओठ फाटला. रक्त आलं. यशोधन कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला होता, "हे ठेवा, छान दिसेल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तो पैलवान रुमाल तोंडाला लावून बाजूला जाऊन बसला. दुपारच्या सुट्टीत तोच स्वतःहून यशोधनच्या खुर्चीशी आला होता, ताट घेऊन. "सर, जेवून घ्या," म्हणाला होता. यशोधननं मोबाइलवरून मान वर केली नव्हती. त्या माणसाचं नावसुद्धा त्याला माहीत नव्हतं.

घास हनुवटीपाशी येऊन थांबला. म्हाताऱ्याचा हात दमला होता, तो खाली जाऊ लागला.

यशोधननं मान वाकवली आणि तोंड पुढं नेलं.

मलिदा गोड होता. डोळ्यांतून पाणी आलं आणि या खेपेला ते त्यानं आणलेलं नव्हतं. हात मांडीखाली होते, त्यामुळं ते पुसताही येईना. लाज वाटत होती, साधी, लहानपणी वाटायची तशी.

वस्तादांनी डोळे उघडले. त्याच्याकडे नीट पाहिलं.

यशोधननं सावकाश घास चावला आणि गिळला. मग हात मोकळे केले, ताट जवळ ओढलं आणि एक घास उचलून वस्तादांच्या तोंडाशी नेला. वस्तादांनी तोंड उघडलं. दोघं तसेच बसून राहिले, एक भरवत, एक खात, ताट संपेपर्यंत.

जैबून तांब्याभर पाणी घेऊन आली. "धुवा तोंड, साहेब," ती म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

त्यानं तोंड धुतलं. तूप काही नीट निघालं नाही. लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला, ड्रायव्हरला घाई झाली होती. उजेड असेपर्यंत मोठ्या रस्त्याला लागायला हवं होतं.

वस्ताद बाजेवर आडवे झाले होते. यशोधन पायाशी वाकला. त्यांनी पाय जवळ ओढून घेतले, पण उशिरा.

"येतो, वस्ताद."

"ये."

तो लिंबाच्या सावलीबाहेर गेला आणि थांबला. पुन्हा मागं आला. जे विचारायचं होतं ते त्याला या घटकेला फार मोठं वाटत होतं. सगळा पुढचा जन्म त्यावर लटकल्यासारखा झाला होता.

"वस्ताद... उद्या जमेल का मला?"

वस्तादांचे डोळे मिटलेले होते. छाती सावकाश वरखाली होत होती. त्यांना झोप लागली असं समजून तो वळला.

"जमलं," मागून आवाज आला, "तर परवा काय करशील? म्होरल्या उरुसाला कोन हाय, त्ये इचारशील?"